नेम कुठे धरायचा: ब्रिटनमध्ये हरणाचं स्टॉकिंग (दबकत जवळ जाऊन केलेली शिकार) शिकणाऱ्यांसाठी

ब्रिटनच्या रानात हरणांच्या सहा जाती आहेत. रेड आणि रो मूळच्या इथल्याच. फॅलो नॉर्मन लोकांनी आणली. सिका, मंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर एकोणिसाव्या शतकापासून पुढे श्रीमंतांच्या उद्यानांत आली आणि तिथून बाहेर पसरली. लांडगा आणि लिंक्स हे मोठं रानमांजर या बेटावरून कित्येक शतकांपूर्वी संपले, त्यामुळे हरणांची संख्या आटोक्यात ठेवणारं माणसाशिवाय कोणी उरलेलं नाही. नव्या लावलेल्या झाडांचे शेंडे, उभी पिकं, रात्री गाडीसमोर येणारी जनावरं या सगळ्यापायी इथे दर वर्षी ठरवून हरणं मारली जातात. भारतात १९७२ च्या कायद्याने वन्यजीवांच्या शिकारीला बंदी आहे आणि हा लेख तिथल्यासाठी नाही. ब्रिटनमध्ये राहून रीतसर परवाना, जमीनमालकाची परवानगी आणि प्रशिक्षण घेऊन या कामात उतरणाऱ्या मराठी माणसांसाठी तो लिहिला आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. गोळीने कातडीवर कुठे भोक पाडलं यावरून फारसं काही कळत नाही. ती कुठून शिरली, कशातून गेली आणि कुठून बाहेर पडली यावर ते जनावर काही सेकंदांत मरणार की रात्रभर झुडपात तडफडणार हे ठरतं. म्हणून चाप ओढण्याआधी गोळीची शरीरातली अख्खी वाट डोळ्यांसमोर आली पाहिजे. ती येत नसेल तर बार करायचा नाही.

आधी आतलं शरीर डोक्यात बसवा

हरीण आडवं, म्हणजे पूर्ण कुशीवर दिसेल असं उभं आहे असं समजा. त्याचं हृदय बहुतेक नवख्यांना वाटतं त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं: छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, दोन्ही पुढच्या पायांच्या कोपरांच्या मध्ये. पाय सरळ असला तर हृदयाचा बराचसा भाग त्याच्या आडच जातो. हृदयाच्या वर आणि मागे फुप्फुसं पसरलेली असतात. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या या दोहोंच्या मध्ये असतात. हृदय, फुप्फुसं आणि त्या वाहिन्या मिळून जो भाग होतो तेच आपलं लक्ष्य.

आता एक गोष्ट जरा सावकाश समजून घ्या, कारण जायबंदी हरणांमागे बऱ्याचदा हीच असते. बरगड्यांचा पिंजरा म्हणजे छातीची पोकळी नव्हे. छाती आणि पोट वेगळं करणारा पडदा पुढच्या बाजूला घुमटासारखा फुगलेला असतो. त्यामुळे मागच्या बऱ्याच बरगड्यांच्या आत फुप्फुस नसून यकृत आणि रवंथ करणाऱ्या जनावराचं ते मोठं पोट असतं. बाहेरून पाहताना बरगड्यांचा मध्य साधला असं वाटतं, आणि गोळी प्रत्यक्षात पोटात गेलेली असते. पोटात गोळी लागलेलं हरीण लवकर मरत नाही.

दुसरा फसवा भाग पाठीचा. खांद्यांच्या वर मणक्यांची उभी हाडं उंच वाढलेली असतात. त्यामुळे पाठीची जी रेघ आपल्याला दिसते तिच्या बरंच खाली खरा मणका असतो, आणि मानेच्या बुडाशी तो आणखी खाली झुकतो. पाठीजवळ उंच लागलेली गोळी त्या उभ्या हाडांवर आदळली तर हरीण विजेचा झटका बसावा तसं जागच्या जागी कोसळतं. शिकारी बंदूक खाली ठेवतो, आणि अर्ध्या मिनिटात हरीण उठून पळून जातं. मणका शाबूत, फुप्फुसं शाबूत. त्याला फक्त धक्का बसलेला असतो.

हिवाळी केसांमुळे आणि माजावर आलेल्या रेड नराच्या आयाळीमुळे बाह्यरेषा आणखी फुगते. ज्याला हे काम मनापासून करायचं आहे त्याने अनुभवी माणसाबरोबर जाऊन हरीण फाडताना पाहावं. चित्रांतून जे कळत नाही ते एकदा हात आत घातल्यावर कळतं.

रायफल, गोळी आणि कायदा

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ चा डिअर अ‍ॅक्ट लागू आहे. त्यानुसार मोठ्या जातींसाठी आणि रोसाठी रायफलचं कॅलिबर (नळीचा आतला व्यास) किमान ०.२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा किमान १७०० फूट-पाउंड हवी. मंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअरसाठी किमान ०.२२० इंच, १००० फूट-पाउंड आणि ५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी चालते. स्कॉटलंडचे नियम वेगळे. तिथे गोळीचं वजन, वेग आणि ऊर्जा अशा तिन्हींच्या किमान मर्यादा आहेत, आणि शिसं नसलेल्या गोळ्या वापरता याव्यात म्हणून २०२३ मध्ये तिथली १०० ग्रेनची अट ८० वर आणली गेली. दोन्हीकडे गोळी लागल्यावर फुलणारी असलीच पाहिजे. सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाच्या एक तास आधी या वेळात विशेष परवान्याशिवाय बार करता येत नाही.

शिसं नसलेल्या तांब्याच्या गोळ्यांबद्दल एक सूचना. त्या फुलायला पुरेसा वेग लागतो आणि शिशाच्या गोळीसारख्या त्या आत तुकडे होऊन पसरत नाहीत. आतली जखम त्यामुळे जरा अरुंद राहू शकते. नेमातली ढिलाई शिशाची गोळी कधीकधी झाकून नेते, तांब्याची तेवढी नेत नाही.

तुमचा पल्ला किती, हे कागद सांगेल

डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेटच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेत १०० मीटरवर तीन गोळ्या चार इंचांच्या वर्तुळात टाकायच्या असतात. मग हरणाच्या आकृतीवर १०० मीटरवरून पालथं पडून, ७० मीटरवरून बसून किंवा गुडघ्यावर आणि ४० मीटरवरून उभ्याने बार करायचे असतात. हे आकडे विचार करून ठरवलेले आहेत. चार इंच म्हणजे रो हरणाच्या छातीतला साधारण तेवढाच भाग, ज्यात गोळी कुठेही गेली तरी जनावर लवकर मरतं.

परीक्षेनंतर स्वतःचा पल्ला स्वतः काढायचा. नेमबाजीच्या मैदानावर पोचल्यावर थंड नळीतून पहिला बार कुठे पडतो ते दर वेळी टिपून ठेवा. हरणावर तुम्ही तोच बार करणार असता, नळी तापल्यानंतर जवळजवळ पडलेल्या गोळ्यांचा सुंदर गट नव्हे. ज्या बैठकीतून, ज्या अंतरावर हा पहिला बार दर वेळी चार इंचांत पडतो तेवढाच त्या बैठकीचा पल्ला. तिकाटण्याच्या आधाराने उभ्याने ८० मीटर जमत असेल तर ८०. रायफल आणि स्कोप (तिच्यावरची नेमाची दुर्बीण) कितीही महाग असोत, हा आकडा त्याने बदलत नाही. दम लागलेला असताना, ओल्या कपड्यांत, बोटं गारठलेली असताना तो आणखी कमी धरा.

आडवं उभं असलेलं हरीण

हीच स्थिती शिकायची आणि हिचीच वाट बघायची. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर सरळ वर न्या. छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश उंचीवर थांबा. त्या जागेपासून छातीच्या मध्यापर्यंतचा पट्टा म्हणजे नेमाची जागा. मी स्वतः या पट्ट्याच्या मधोमध धरतो. थोडं खाली गेलं तर हृदय, थोडं वर गेलं तर दोन्ही फुप्फुसं, थोडं पुढे गेलं तर खांदा आणि मोठ्या वाहिन्या. सगळ्या बाजूंनी चुकीला जागा मिळते, फक्त मागे मिळत नाही. मागे सरकलं की यकृत, त्यामागे पोट.

खांद्याच्या हाडातून मुद्दाम गोळी घालणारे लोक आहेत. हरीण तिथल्या तिथे पडतं हे खरं, म्हणून उतारावर किंवा हद्दीजवळ तो विचार मनात येतो. पण दोन्ही खांद्यांचं मांस वाया जातं आणि हलकी गोळी हाडावर फुटून आत न पोचण्याचा धोका राहतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

मंटजॅक ठेंगणं आणि पाठीत वाकलेलं असतं, गवतात त्याची छातीच झाकली जाते. गवतातून अंदाजाने बार करू नका. एखादी बारीक काडीसुद्धा गोळीची दिशा बदलू शकते. मंटजॅकची वीण वर्षभर चालते आणि त्याला बंद हंगाम नाही, म्हणून मादी मारताना ती लहान वयाची किंवा स्पष्ट गाभण असलेली निवडतात, म्हणजे दूध पिणारं पिल्लू झाडीत मागे राहत नाही. इतर जातींत पिल्लासह असलेल्या मादीच्या बाबतीत आधी पिल्लू, मग आई, हा क्रम पाळतात.

तिरकं, उंचावर, खाली

हरीण थोडं तिरकं, तोंड आपल्यापासून पलीकडे करून उभं असेल तर जवळच्या बाजूचा पाय विसरा आणि पलीकडच्या पुढच्या पायाकडे बघा. गोळी त्या पायाच्या आतून बाहेर पडेल अशी रेघ मनात ओढा. ती जवळच्या कुशीवर जिथे येते तिथे नेम. ती जागा बरगड्यांच्या मागच्या भागात जायला लागली की तिरकेपणा जास्त झाला. मग थांबायचं. हरीण आपल्याकडे तिरकं येत असेल तर गोळी खांद्यापुढून शिरून यकृत आणि पोटातून बाहेर पडते. समोरून छाती फार अरुंद दिसते. मागून तर बार करण्याचा प्रश्नच येत नाही. बसलेल्या हरणाचे अवयव सरकलेले असतात आणि पाय कुठे आहेत ते कळत नाही, म्हणून ते उठेपर्यंत वाट पाहायची.

हाय सीटवरून, म्हणजे झाडाला टेकवलेल्या उंच बैठकीवरून जवळचं हरीण दिसतं तेव्हा गोळी उतरत्या वाटेने जाते. नेहमीच्या जागी नेम धरला तर ती हृदयाच्या खालून निघून जाऊ शकते, आणि फार वर धरला तर एकच फुप्फुस फोडून बाहेर पडते. एक फुप्फुस शाबूत असलेलं हरीण खूप लांब पळतं. इथेही बाहेर पडण्याची जागा आधी ठरवा: पलीकडच्या बाजूला छातीच्या खालच्या भागात. त्यावरून आत शिरण्याची जागा आपोआप वर येते. चढावर बघताना हेच उलट, आणि तिथे आणखी एक अट आहे. हरणामागे माती हवी. आकाशाच्या रेघेवर उभ्या असलेल्या हरणावर कधीही बार करायचा नाही, कारण गोळी आरपार जाऊन पुढे कुठे पडेल हे तुम्हाला माहीत नसतं. कळपातही हाच हिशोब: मागे दुसरं हरीण असेल तर एका गोळीत दोन जायबंदी होऊ शकतात.

डोकं आणि मान

मांस वाया जात नाही आणि हरीण जागेवर पडतं म्हणून काही लोक डोक्यावर किंवा मानेवर नेम धरतात. माझा याला विरोध आहे. मेंदू मुठीएवढाही नसतो आणि डोकं हा हरणाचा सगळ्यात जास्त हलणारा भाग. तुम्ही चाप ओढता त्या क्षणी त्याने मान फिरवली तर जबडा तुटतो. जबडा तुटलेलं हरीण पळू शकतं, पाणी पिऊ शकत नाही, खाऊ शकत नाही, आणि मरायला त्याला दिवस लागतात. मानेत मणका मधोमध सरळ जात नाही, वळण घेऊन जातो. तो चुकला की श्वासनलिका किंवा अन्ननलिका फाटते. छातीवर दोन इंच चुकलं तर बहुधा निभावतं, इथे अजिबात निभावत नाही.

चाप ओढण्याआधी

हरीण चरताना पुन्हा पुन्हा डोकं वर करतं. पुढचा पाय कुठे आहे ते सतत बघत राहा. पाय पुढे टाकलेला असेल तर छाती मोकळी, मागे असेल तर कोपर हृदयावर आलेलं. चालत्या हरणावर बार करायचा नाही. हलक्या आवाजाने रो बहुतेक वेळा एखादा क्षण थबकतं, पण बार तयार असेल तरच आवाज करा, कारण पुढच्या क्षणी ते निघून जाऊ शकतं.

आता रायफलच्या तोंडाकडे लक्ष द्या. स्कोप नळीच्या वर साधारण चार-पाच सेंटिमीटर बसवलेला असतो. डोंगरावर पालथं पडल्यावर स्कोपमधून हरीण स्वच्छ दिसतं, पण नळीच्या तोंडासमोर हाताच्या अंतरावर हेदरचं झुडूप किंवा दगडाचा उंचवटा असतो. स्कोपमधून तो दिसतच नाही, गोळी मात्र त्याला घासूनच जाते. म्हणून डोळा स्कोपवरून काढून एकदा नळीच्या रेषेत समोर बघायचं. दोन सेकंदांचं काम आहे.

मग श्वास. छाती धडधडत असेल तर हातही हलतो, आणि ते तुम्हाला स्कोपमध्ये दिसतं. दोन सावकाश श्वास घ्या, अर्धा सोडून थांबा, बोटाच्या पेराने चाप हळूहळू दाबा. बार सुटल्यावर डोकं वर काढू नका. हादऱ्यातून सावरून पुन्हा स्कोपमध्येच बघा. घाई होतेय असं वाटलं, प्रकाश कमी झाला, अंतराची खात्री नाही, वारा झोंबतोय, यातलं काहीही असलं तर सेफ्टी लावून बोट बाहेर काढा. ते हरीण उद्याही तिथेच चरणार आहे.

बार झाल्यावर

लगेच दुसरं काडतूस भरा आणि हरणाची हालचाल टिपा. हृदयात गोळी लागलेलं हरीण बहुधा उसळी मारून अंग खाली दाबत भरधाव पळतं आणि मग कोसळतं. फुप्फुसात लागलेलं दचकतं, अडखळतं, पळतं. पन्नास-शंभर मीटर पळणं यात नवल नाही, मेंदूतला प्राणवायू संपायला थोडे सेकंद लागतात. यकृतात लागलं तर मागचे पाय झाडतं. पोटात लागलं तर पाठ कमानीसारखी वर काढून सावकाश, आखडून चालतं, आणि गोळी लागल्याचा आवाज पोकळ, भरलेल्या पिशवीवर थाप मारल्यासारखा येतो. पाय लोंबत असेल तर तो तुटला आहे.

जागेवरून उठण्याआधी दोन खुणा करा. हरीण उभं होतं तिथलं झाड किंवा दगड मनात पक्का करा, आणि तुम्ही जिथून बार केला तिथे टोपी किंवा रंगीत फीत ठेवा. तिथे चालत गेल्यावर सगळं वेगळं दिसतं, आणि मागे वळून बघायला ती फीतच कामी येते.

हरीण डोळ्यांसमोर पडलं असलं तरी निदान पाच-दहा मिनिटं थांबा. मग जिथे ते उभं होतं तिथे खाली वाकून बघा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. काळपट, घट्ट रक्त म्हणजे यकृत. हिरवट-तपकिरी कण आणि आंबट वास म्हणजे पोट. हाडाच्या कपच्या असतील तर त्या बोटांनी चाचपा: पायाच्या लांब हाडाची कपची कडक आणि धारदार लागते, बरगडीची चपटी. गडद लांब केस पाठीचे, पांढरे केस पोटाखालचे. रक्ताचा थेंब सापडला नाही म्हणून नेम चुकला असं धरू नका. चरबी भोक बुजवून टाकते.

यकृत किंवा पोटाची खूण दिसली तर पाठलाग सुरू करू नका. एकटं सोडलं तर असं हरीण जवळच्या आडोशाला बसतं आणि तिथेच मरतं. मागे लागलात तर ते उठून मैलभर जाईल. निदान अर्धा तास थांबा आणि तोवर माग काढायला शिकवलेला कुत्रा बोलवा. बव्हेरियन माउंटन हाउंड, टेकल, चांगला शिकवलेला लॅब्रॅडोर, कोणताही चालेल. कुत्रा येण्याआधी मागावर पाय देऊन तो बिघडवू नका, बाजूने चाला. कुत्र्याची सोय कोण करणार हे बार करण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. हरीण शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं तर आधी शेजाऱ्याला फोन करा. परवानगीशिवाय बंदूक घेऊन कुंपण ओलांडणं हा गुन्हा आहे.

जवळ जाताना

पडलेल्या हरणाकडे पाठीच्या बाजूने जा, म्हणजे शिंगं आणि पाय तुमच्यापासून लांब राहतात. छाती हलतेय का बघा. लांब काठीच्या टोकाने डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श करा. पापणी मिटली तर ते जिवंत आहे, आणि एक क्षणही न घालवता दुसरी गोळी द्यायची. काही फुटांवरून ती देताना लक्षात ठेवा की गोळी स्कोपच्या खुणेपेक्षा चार-पाच सेंटिमीटर खाली लागते. डोक्यावर द्यायची असेल तर तेवढं वर धरलं नाही तर मेंदू चुकतो. खाली खडक नसून मऊ जमीन आहे याचीही खात्री करा.

मग हरीण फाडताना मांस तपासण्याबरोबर गोळीचा माग काढा. शिरल्याचं भोक, बाहेर पडल्याचं भोक, कोणती बरगडी तुटली, दोन्ही फुप्फुसं फुटली का, पडद्याला भोक पडलं का, हे सगळं बघून वहीत लिहा. शेजारी अंतर, बैठक, हरणाचा कोन आणि ते किती मीटर पळालं हेही टिपा. नेम जिथे धरला होता तिथून भोक दोन इंच मागे पडलं असेल, तर पुढच्या वेळी रानात जाण्याआधी मैदानावर जाऊन रायफल कागदावर तपासा, कारण स्कोप हलला आहे की तुमचं बोट चाप झटकतंय हे तिथेच कळेल.